झाकली शिवण

६ जानेवारी

बारक्या,

आधी राग, मग खुशाली. आबांना फोनवर ऐकू येत नाही म्हणून आपण पत्रांवर आलो, आणि दोन महिन्यांत तुझं एक पत्र? ते असो. आता आबांच्या शेजारी बसून हे मोठ्यानं वाच, शब्द सुटे करून. मध्ये स्वतःची अक्कल पाजळू नकोस.

आबा, नोव्हेंबरात तुम्ही दिलेल्या गादीवर रोज झोपते आहे. पाठ धरायची ती थांबली. आईच्या जुन्या गादीचा कापूस तुम्ही पुन्हा पिंजून तिच्यात भरलात, हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही. माझ्यापुरतं ठेवलं आहे. शेजारीण काठ निरखून विचारत होती, याला टाके कुठे आहेत? मी म्हटलं, ही माझ्या वडिलांची झाकली शिवण. कापड आत दुमडायचं आणि दुमडीच्या पोटात टाका घ्यायचा. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, गादी कुणी शिवलीच नाही.

गेस्ट हाउसमध्ये परवा मोठी गंमत झाली. चौदा नंबरच्या पाहुण्याने अंग खाजतंय म्हणून तक्रार केली. मॅनेजर म्हणाले, खोली कालच झाडली, चादर पांढरीशुभ्र आहे, पाहुण्याला पित्त उठलं असेल. म्हटलं, थांबा. चादर काढली, बॅटरी घेतली आणि एक जाड पुठ्ठ्याचं कार्ड शिवणीतून सावकाश फिरवलं. डोक्याकडच्या कोपऱ्यात काळे ठिपके, पेनाची शाई टेकवावी तसे. ओलं फडकं फिरवलं तर तांबूस पसरले. मग पलंगाची डोक्याकडची फळी भिंतीपासून ओढली आणि मॅनेजरांना म्हटलं, मोजा आता ढेकूण. तुमचं वाक्य मी त्यांना ऐकवलं, आबा: गादीचं पोट बघू नका, शिवण बघा. खोली तीन आठवडे बंद. इथला नियमच आहे तसा, औषध मारल्यावर एकवीस दिवस एकही खूण दिसली नाही तरच खोली उघडायची. तेव्हापासून मॅनेजर मला चादरीवाली बाई न म्हणता बाईसाहेब म्हणतात.

बाकी ठीक. हातावर थोडं पुरळ आहे, तीन-तीन एका ओळीत. साबण बदलला, त्याचं असेल. जूनमध्ये यायचं बघते.

ताई


१९ जानेवारी

ताई,

इतक्या मोठ्यानं वाचलं की समोरच्या सायकलवाल्यालाही तुझे ढेकूण पाठ झाले. आबांनी तीनदा वाचून घेतलं. पहिल्या दोन वेळा मॅनेजरच्या भागाला हसले. तिसऱ्यांदा म्हणाले, "शेवटचं वाच. पुरळाचं." वाचलं. पुन्हा वाच म्हणाले. मी म्हटलं, अहो साबणाचं आहे ते. उठून खोलीत गेले आणि जेवायलाही आले नाहीत.

दुकान बरं चाललंय. सप्टेंबरपासून माझी "जुनी द्या, नवी न्या" योजना आहे ना, तिला चांगली गर्दी आहे. लोक जुनी गादी आणून टाकतात आणि फोमची घेऊन जातात. जुन्या गाद्या आबांच्या खोलीबाहेरच्या बोळात छतापर्यंत रचल्या आहेत. महिनाअखेर भंगारवाला नेतो. आबा मला स्पंजवाला म्हणतात ते तुला ठाऊक आहेच. आता पाहुण्यांसमोरही म्हणतात.

पण लिहायचं वेगळंच आहे. डॉक्टर म्हणाले, हृदय दमलंय. पायांवर सूज आहे, दोन जिने चढले की दम लागतो. परवापासून पलंग सोडून खुर्चीत झोपतात. विचारलं तर पाठीचं कारण सांगतात. ज्या माणसाने जन्मभर गाद्या शिवल्या तो खुर्चीत झोपतो, हे मला बघवत नाही. आमची सौ. मास्तरीण म्हणते, ताईंना बोलावून घ्या, जूनची वाट बघू नका. मी आबांना तसं म्हटलं तर म्हणाले, "इतक्यात नको. मी सांगेन तेव्हा." तू मनावर घेऊ नकोस. म्हातारपणाची लहर आहे. ये.

बारक्या


२ फेब्रुवारी

बारक्या,

या पाकिटात दोन कागद आहेत. हा आबांना वाचून दाखव.

आबा, रजा मिळत नाही. हंगाम आहे, चाळीस खोल्या भरलेल्या आहेत आणि माझ्याशिवाय चादरींचा हिशेब कुणाला लागत नाही. मार्चमध्ये नक्की येते. खुर्चीत झोपू नका. पाय वर घेऊन नीट आडवे व्हा.


दुसरा कागद, फक्त तुला

रजेचं खोटं आहे. रजा मागितलीसुद्धा नाही.

पुरळ साबणाचं नव्हतं. परवा उशीच्या अभ्र्यावर रक्ताचा ठिपका दिसला आणि पायाखालची जमीन सरकली. दिवसाढवळ्या बॅटरी घेऊन पलंग उलटा केला. फळीच्या खाचेत चार सापडले. सफरचंदाच्या बीएवढे, चपटे, तपकिरी. जगाच्या गाद्या तपासत फिरणारी मी, आणि दिव्याखाली अंधार. चौदा नंबरमधूनच आले असणार. माझ्या पिशवीतून नाहीतर साडीच्या निऱ्यांतून. मॅनेजरांना कळलं तर नोकरी राहणार नाही. चादरी सांभाळणाऱ्या बाईच्या घरात ढेकूण म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं.

पण नोकरीचं एवढं नाही. मी आले तर ते माझ्याबरोबर येतील. बॅगेच्या चेनमध्ये, चपलेच्या पट्ट्यात, कुठेही. आबांच्या घरात. पन्नास वर्षं त्यांच्या हातच्या गादीत एक ढेकूण निघाला नाही असं लोक सांगतात. मी त्यांच्या दारात ही घाण घेऊन येऊ? माझी खोली स्वच्छ झाली की त्याच दिवशी निघते.

खोलीतलं सगळं तपासलंय. पडदे, पुस्तकं, विजेची बटणं, खिळ्यांची भोकंसुद्धा. कपडे उकळत्या पाण्यातून काढले. पलंगाचे पाय पाण्याच्या डब्यांत ठेवलेत. आबांची गादी तेवढी बघितली नाही. त्यांच्या गादीत काय बघायचं?

आणि बोळातल्या त्या जुन्या गाद्या घराबाहेर काढ. लोकांची जुनी गादी म्हणजे लोकांचं काय काय असतं, हे माझ्यापेक्षा तुला जास्त कळायला हवं. आबांना यातलं काही सांगू नकोस. शपथ आहे.

ताई


१३ फेब्रुवारी

ताई,

पहिला कागद वाचला. रजा नाही म्हटल्यावर आबांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. मला फार राग आला, खोटं कशाला बोलू. मुलगी येत नाही म्हणून कुणी खूश होतं का?

दुसरा कागद मास्तरणीने आणि मी मिळून वाचला. आम्ही हसलो नाही, म्हणजे मी थोडा हसलो. अगं, ढेकूणच ना? वाघ तर नाही. तू ये. बॅग मागच्या नळाजवळ ठेव, कपडे बादलीत टाक, मास्तरणीची साडी नेस. आम्ही उकळतं पाणी तयार ठेवतो. इतकं सोपं आहे.

जुन्या गाद्यांचं म्हणशील तर आबांची नजर आहे ना त्यांच्यावर. खरं म्हणजे नजर राहिली नाही. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत पिकलाय आणि ऑपरेशनला हृदय साथ देणार नाही म्हणतात. पण बोटं अजून तशीच आहेत. येता-जाता गाद्या चाचपतात आणि पुटपुटतात.

हल्ली ते विचित्र वागतात. मास्तरणीला खोलीत पाऊल टाकू देत नाहीत. अंथरूण स्वतः काढतात, स्वतः घालतात, दम लागला तरी. रोज उशी उन्हात टाकतात. विचारलं की म्हणतात, कापूस मोकळा होतो. परवा चुलीवर पाण्याचं भांडं चढवून बसले होते, त्यात स्वतःचं धोतर. मास्तरीण म्हणाली, आबा, मी धुते ना. तर तिच्यावर ओरडले. सुनेला आजवर अरे-तुरे न केलेला माणूस. डॉक्टर म्हणाले, वयाने डोकं थोडं फिरतं.

रोज दुपारी पोस्टमनच्या वेळेला दारात बसतात. "मोठीचं पत्र?" एवढंच विचारतात. मग मी बोलावतो म्हटलं की पुन्हा तेच. "तिला येऊ देऊ नकोस."

तुमचं दोघांचं काय चाललंय, देवाला ठाऊक.

बारक्या


१ मार्च

बारक्या,

आबांना सांग, मोठीने चष्मा बदलला, तब्येत ठणठणीत आहे, मार्चअखेर येते आहे. एवढंच वाच. पुढचं तुझं.

आठ फेब्रुवारीला औषधवाला आणला. शेजारणीला सांगितलं, झुरळं झालीत. माणूस कामाचा होता. भिंतीच्या फटीपासून दाराच्या बिजागरीपर्यंत सगळीकडे मारलं. म्हणाला, बाई, गादीही उसवून बघतो. मी म्हटलं, त्या गादीला हात लावायचा नाही. औषधाचा डाग पडू नये म्हणून तिला आधीच प्लास्टिकमध्ये गुंडाळून गच्चीवरच्या खोलीत ठेवली होती. तो म्हणाला, तुमची मर्जी, पण हे प्राणी महिनोन्महिने उपाशी राहू शकतात. म्हटलं, राहू देत, माझ्या वडिलांच्या गादीत राहायची त्यांची हिंमत नाही. तो हसला. मला त्याचं हसणं आवडलं नाही.

मग गेस्ट हाउसच्या नियमाने दिवस मोजायला लागले. एकवीस दिवस एक खूण नाही तर निघायचं. भिंतीवर पेन्सिलीने रेघा ओढल्या. लाकडी फळ्यांवर चटई टाकून झोपायचे. चौदा दिवस काही नाही. औषधाचा वास गेला तशी पंधराव्या दिवशी गादी खाली आणली, म्हटलं आता सण. सतराव्या दिवशी सकाळी दंडावर तीन गांधी उठलेल्या, एका ओळीत. सतरा दिवस कुठेतरी दबा धरून बसले होते बघ. मी जमिनीवर बसून रडले. बारक्या, तुला कळतं का? चार दिवस राहिले होते.

पाच तारखेला औषधवाला पुन्हा येतो आहे. गादी परत बांधून वर ठेवली आहे आणि या वेळी ती शेवटपर्यंत खाली आणणारच नाही, म्हणजे तिला काही लागायला नको. सहा मार्च पहिला दिवस. सत्तावीसला मी बसमध्ये असेन.

तू म्हणतोस कपडे बादलीत टाक आणि ये. तुझं घर असतं तर आले असते. ते आबांचं घर आहे.

ताई


१२ मार्च

ताई,

थोडक्यात लिहितो. आबांना आता भिंत धरून चालावं लागतं. दुपारी डुलकी लागली की "मोठी, मोठी" करतात. जागे झाले की विचारतात, मी काही बोललो का?

काल त्यांच्यासमोर हात जोडले. म्हटलं, आबा, ताईवर कसला राग आहे तो सांगा. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. म्हणाले, "राग नाही रे. तिला इथे आणू नकोस, एवढं ऐक."

मी म्हणतो, त्यांना खरं सांगून टाकू का? की ताईकडे ढेकूण झालेत म्हणून ती येत नाही. त्यांना वाटत असेल मुलीला वडील नकोत. निदान तेवढं तरी मनातून जाईल. तू हो म्हण, उद्या सांगतो. नाहीतर जशी आहेस तशी ये. आम्हाला चावले तर चावले.

बारक्या


२४ मार्च

बारक्या,

सांगू नकोस. एवढे दिवस थांबलास, आता तीन दिवस थांब. आज एकोणिसावा दिवस आहे आणि अंगावर एक ठिपका नाही. सकाळी खोली पुन्हा इंच-इंच बघितली. पाण्याचे डबे कोरडे करून बघितले, फळीच्या खाचेतून कार्ड फिरवलं. काही नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी गाणं गुणगुणत कामावर गेले आणि मॅनेजर म्हणाले, बाईसाहेब, लॉटरी लागली का?

सत्तावीसच्या सकाळच्या गाडीचं तिकीट काढलंय. तरीही अंगावरचं काही तुमच्या घरात आणणार नाही. स्टँडजवळच्या दुकानातून कोरी साडी, कोऱ्या चपला. बॅग नाही. हात हलवत येणार आहे, म्हाताऱ्याला म्हणावं चालवून घ्या. रजा दहा दिवस मंजूर झाली, ही खरी.

आबांना हे मोठ्यानं वाच: आबा, मी अठ्ठावीसला उजाडताना दारात आहे. यायला उशीर झाला, रागावला असाल तर समोर बसून रागवा. तुमच्या हातची गादी मी फुलासारखी जपली आहे.

ताई


९ एप्रिल

ताई,

तुझं चोवीस तारखेचं पत्र या वेळी रखडत एकतीसला पोचलं. तू ते ज्या दुपारी लिहीत होतीस त्याच दुपारी आबा खुर्चीत गेले. पोस्टमन येऊन गेला होता, पत्र नाही म्हटल्यावर त्यांनी मान मागे टेकली. मला वाटलं डुलकी लागली. हे तुला फोनवर सांगितलं होतं, तरी लिहितो. तुझ्यापाशी कागदावर असू दे.

तुझी माफी मागायला बसलोय आणि जमत नाहीये.

तू पंचवीसला आलीस, कोऱ्या साडीत, घडीची रेघ तशीच. हातात काही नाही. उंबऱ्याशी थांबलीस आणि आत येईनास. बाहेरच्या पायरीवर बसलीस. आबांना बाहेर आणलं तेव्हा लांबून हात जोडलेस, पायाला शिवलीसुद्धा नाहीस. दोन दिवस तरी राहशील वाटलं होतं, पण त्याच संध्याकाळी गेलीस. आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, जिवंत असताना आली नाहीस, मेल्यावर तरी आत ये. ते शब्द माझ्या तोंडून गेले. तू म्हणालीस, "अजून दोन दिवस राहिलेत रे." लोकांना कळलं नाही. मला कळलं होतं, तरी मी बोललो.

आता ऐक. गेल्या रविवारी मास्तरणीने आबांची खोली उघडली. पलंगाची फळी ओढली आणि मला हाक मारली. तिचा आवाज ऐकूनच मी धावलो.

ताई, शेकडो होते. फळीत, भिंतीच्या पोपड्यामागे, खुर्चीच्या वेताच्या विणीतसुद्धा. भिंतीवर शाई शिंपडावी तसे ठिपके. शेजारी बोळात माझ्या जुन्या गाद्या. त्यातली खालची ओढून बघितली. कुठून आले ते विचारू नकोस. सप्टेंबरपासून मी ते स्वतःच्या हाताने आणून आबांच्या दाराशी रचत होतो, आणि तुझी गादी त्यांनी ऑक्टोबरभर त्याच खोलीत बसून शिवली.

आता कळतंय, धोतर का उकळत होते. उशी का उन्हात टाकत होते. मास्तरणीला आत का येऊ देत नव्हते. आम्ही म्हणालो, डोकं फिरलं.

सुयांच्या डब्यात गादीच्या खोळीचा तुकडा सापडला. त्यावर त्यांनी गिऱ्हाइकांची नावं घालायच्या जाड पेनाने लिहिलंय. ओळी एकमेकींवर चढल्यात, दिसत नव्हतं ना. तारीख वीस जानेवारी. तुला आहे. पाठवतो. त्यात जिवंत काही नाही, मास्तरणीने गरम इस्त्री दोनदा फिरवली आहे.

मला जमलं तर माफ कर. नाही जमलं तरी पत्र लिही.

बारक्या


(खोळीच्या तुकड्यावर)

मोठी,

तुझ्या हाताला तीन-तीन एका ओळीत उठलंय ते साबणाचं नाही. माझ्या मांडीला तसंच होतं, म्हाताऱ्या कातडीवर दिसत नाही एवढंच. तुझं पत्र ऐकलं त्या रात्री बोटांनी पलंग चाचपला तेव्हा कळलं. तुला गादी दिली तीतून ते तुझ्याकडे गेले. आईच्या कापसात मी तुला ही घाण बांधून दिली.

डोळे गेले होते तरी शिवायला बसलो. हौस. दुसऱ्यांच्या शिवणी जन्मभर बघितल्या, माझ्या शिवणीत बघायला मला दिसलं नाही. काठ उसव. झाकल्या शिवणीच्या पोटात असतील, दुसरीकडे नसतील.

बारक्याला सांगू नकोस. त्याच्या गाद्यांतून आले हे कळलं तर दुकान बंद करून बसेल. मी हळूहळू खोली साफ करतो. साफ झाली की तुला बोलावतो. तोवर येऊ नको. पुन्हा तुझ्याबरोबर जातील.

हे पोस्टात टाकायला बारक्याकडे द्यावं लागेल, तो वाचेल. बघतो काही.

लवकर साफ करतो. तू यायला हवीस.

आबा


४ मे

बारक्या,

माफी वगैरे पुन्हा लिहिलीस तर पत्र परत पाठवीन. दोष वाटायला बसलो तर तिघांना पुरून उरेल. मी खोटी रजा सांगितली. शपथ मोडून सांगू का, असं तू विचारलंस आणि मी नको म्हटलं. तू त्या दिवशी बोलला असतास तर आबा हसले असते, म्हणाले असते, अगं वेडे, मग ये की, दोघं मिळून मारू. मी त्यांचा आवाज ऐकते तसा. रोज ऐकते.

तो तुकडा मिळाला त्या दिवशी कामावर गेले नाही. गादी गच्चीवरून खाली आणून उन्हात चादरीवर ठेवली आणि ब्लेड घेऊन बसले. तासभर हात धजला नाही. मग एका कोपऱ्याचा काठ उसवला. कापड आत दुमडलं होतं, त्यात टाका, आणि टाक्याच्या मागे ते. म्हातारा बरोबर होता. दुसरीकडे एकही नव्हता. मी अडीच महिने खिळ्यांची भोकं तपासली आणि माझ्या डोक्याखालचा काठ बघितला नाही, कारण तो आबांचा होता.

मॅनेजरांना सगळं सांगितलं. म्हटलं, काढायचं तर काढा. त्यांनी ऐकून घेतलं आणि लॉन्ड्रीतला मोठा ड्रायर दिवसभरासाठी मला दिला. कापूस थोडा थोडा पिशव्यांत भरून त्यातून काढला, कडकडीत गरम करून. खोळ उकळली. आईचा कापूस आहे, बारक्या, टाकला नाही. टाकायला हवा होता असं औषधवाला म्हणेल. म्हणू दे.

मग शिवायला बसले. झाकली शिवण मला येत नाही. आबांनी मला शिकवली नाही, म्हणायचे तुझ्या बोटांना धीर नाही. मी बाहेरून साधी शिवण घातली. वाकडी आहे. प्रत्येक टाका दिसतो, लांबून दिसतो. आबांनी बघितली असती तर कपाळाला हात लावला असता. पण आत कुठे दडायला जागा नाही. चौदा एप्रिलपासून मी तिच्यावर झोपते आणि भिंतीवर रेघा ओढते.

तू त्या दिवशी मला म्हणालास ते बरोबर होतं. मी त्यांच्या पायाला हात लावायला हवा होता. मला वाटलं, माझ्या साडीतून एखादा त्यांच्या अंगावर गेला तर. गेलेल्या माणसाच्या अंगावर. असा विचार मी केला, आणि तो मला आयुष्यभर पुरेल.

आज एकवीस रेघा झाल्या. अंगावर खूण नाही, गादीत नाही, खोलीत नाही. आता मला घरी यायला काही हरकत नाही.

शनिवारी येते. तिकडची खोलीही औषध मारून झाली असेल, नसेल तर दोघं मिळून मारू. या वेळी बॅग आणणार आहे. मास्तरणीला सांग, माझं अंथरूण आबांच्या खोलीत घालायचं, आणि मी उंबऱ्याशी थांबले तर हाताला धरून आत न्यायचं.

ताई